रोज चालवायच्या सी५ कॉर्व्हेटमध्ये सौम्य कॅम टाकायचाय, कुठला घेऊ?

पारसिप्पनीकर:
मंडळी, न्यू जर्सीहून नमस्कार. माझ्याकडे २००२ ची सी५, म्हणजे पाचव्या पिढीची कॉर्व्हेट आहे, कूपे, सहा गिअरची मॅन्युअल, झेड०६ हे जास्त ताकदीचं मॉडेल नाही, साधी एलएस१ इंजिनवाली. इंजिन अजून कंपनीतून आलं तसंच आहे, फक्त मागचे मफलर बदललेत. रोज ऑफिसला याच गाडीने जातो, सकाळी रूट ८० वरचा ट्रॅफिक ठरलेला, आणि हिवाळ्यातही रस्त्यावर बर्फ नसेल त्या दिवशी हीच काढतो. आता पुढचा क्रँक सील गळायला लागलाय आणि वॉटर पंपही करायचाच आहे, म्हणजे पुढचं बरंच उघडणारच आहे, तर मनात आलं की याच खर्चात कॅमही (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) उरकून घ्यावा.

पण वाचायला बसलं की डोकं गरगरतं. एक जण सांगतो २२४/२२४ (इनटेक/एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) एलएसए (कॅमवरच्या त्या दोन उंचवट्यांमधला कोन) ११२ वर घे, त्याच्याखाली काही पाहूच नको. दुसरा म्हणतो झेड०६ चा कॅम टाक आणि गप बस. तिसरा जीएमचा, म्हणजे गाडीच्याच कंपनीचा, हॉट कॅम. मला हवंय ते असं की ३००० च्या वर गाडीत जरा जास्त जोर जाणवावा, पण हायवेला सहाव्या गिअरमध्ये झटके नकोत, सिग्नलला बंद पडायला नको, बायकोलाही विनातक्रार चालवता यायला हवी आणि इन्स्पेक्शन पास व्हायला हवं. आवाज थोडा डुलता झाला तर आवडेल, पण त्याच्यासाठी बाकीचं सोडणार नाही. हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सध्या आहेत तेच ठेवणार. कुणी केलंय का हे काम?

ह्यूस्टनवाला_व्ही८:
भाऊ, २२४ च घे. माझ्या एलएस१ मध्ये तोच आहे, ११२ वर, आणि मीही रोज चालवतो. ५.७ लिटरचं इंजिन आहे, त्याला मुळातच इतका टॉर्क आहे की खालचा थोडा गेला तरी कळत नाही, आणि ४००० च्या पुढे जे होतं ना ते एकदा अनुभवलं की कंपनीचा कॅम नकोसा होतो. आयडलचा (गाडी उभी, इंजिन चालू असतानाचा) आवाज तर असा की पेट्रोल भरताना लोक येऊन विचारतात. ट्यूनिंग मात्र चांगल्या माणसाकडून करून घे, तिथे पैसे वाचवू नकोस. सहाव्या गिअरचं म्हणशील तर मी ७० ला पाचवाच ठेवतो, सवय होते.

डेट्रॉइटची_कॅलिब्रेटर:
पारसिप्पनीकर, मी इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, त्यामुळे हा विषय जवळचा आहे, थोडं सविस्तर लिहिते.

कॅम विकणारे सगळे आधी पीक एचपी दाखवतात आणि रोजच्या गाडीला सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच असतो. ऑफिसला जाताना तुम्ही ६००० आरपीएमवर असता तरी किती वेळ? तुमच्या गाडीचा सहावा गिअर ०.५० चा आहे आणि मागचा रेशो ३.४२, त्यामुळे ताशी ७० मैलांना इंजिन जेमतेम १५०० वर फिरतं. ह्यूस्टनवाले पाचव्यात चालवतात म्हणजे ०.७४ वर, तेव्हा तेच इंजिन २२०० च्या आसपास येतं. त्यांना ते चालतंय तर उत्तमच, पण त्याचा अर्थ असा की त्या कॅमला तो सहावा गिअर आवडत नाही आणि ती किंमत ते रोज मायलेजमध्ये भरतायत. तुम्ही तर पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय की सहाव्यात झटके नकोत. मग तुमचा कॅम त्या १५०० वरूनच ठरतो.

झटके का बसतात ते बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पुरता मिटलेला नसतो आणि इनटेक उघडायला लागलेला असतो, दोन्ही थोडे थोडे उघडे असतात तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो कारण बाहेर पळणारा गॅस आपल्या मागून ताजी हवा ओढून घेतो. पण आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, त्यामुळे जळलेला गॅस उलटा आत येतो, ताज्या मिश्रणात त्याची भेसळ होते, एखादा सिलिंडर नीट पेटतो एखादा नाही. लोकांना आवडणारा तो डुलता आवाज म्हणजे हेच, आणि ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी आचके देते तेही हेच. एक हवं आणि दुसरं अजिबात नको असं होत नाही, ट्यूनिंगने कमी होतं, जात नाही.

कॅमची तुलना करायला सोपा हिशोब आहे. ०.०५० इंच लिफ्टला (उचलीला) मोजलेली इनटेक आणि एक्झॉस्टची ड्युरेशन (२२४/२२४ सारखे ते अंश) मिळवा, निम्मी करा, त्यातून एलएसएची दुप्पट वजा करा. २००२ ते २००४ च्या झेड०६ चा कॅम २०४/२१८ आणि एलएसए ११७.५, म्हणजे २११ वजा २३५, उणे २४. जीएमचा हॉट कॅम २१९/२२८, एलएसए ११२, म्हणजे उणे अर्धा, जवळजवळ शून्यच. २२४/२२४ तो ११२ वर घेतला तर बरोबर शून्य, तोच ११४ वर घेतला तर उणे ४. आणि २१६/२२० सारखा मधला कुठला ११४ वर घेतला तर उणे १०. हा खरा ओव्हरलॅप नव्हे, खरा याहून बराच जास्त असतो कारण ०.०५० च्या आधीही व्हॉल्व्ह उघडलेलेच असतात, पण एकमेकांशी तुलना करायला हा आकडा पुरतो. जितका जास्त उणे तितकी गाडी सिग्नलला शांत.

अजून एक गोष्ट कॅम कार्डवर (कॅमची सगळी मापं लिहिलेला कागद) असते आणि फार थोडे लोक बघतात, इनटेक व्हॉल्व्ह बंद कधी होतो ती. पिस्टन खालून वर निघालाय आणि इनटेक अजून उघडाच आहे, तर कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण तो परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. खालचा दम इथूनच जातो. इनटेक सेंटरलाइन (पिस्टन वर असल्यापासून किती अंशांनी इनटेक पुरता उघडतो ते) ११२ धरली तर २१६ चा कॅम पिस्टन तळाला पोचल्यावर ४० अंशांनी बंद होतो आणि २२४ चा ४४ अंशांनी. म्हणून नुसतं एलएसए बघून निवडू नका, विकणाऱ्याकडून पूर्ण कार्ड मागून घ्या. जो कार्ड देत नाही त्याच्याकडून कॅम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी निवड विचाराल तर झेड०६ चा कॅम किंवा २१२ ते २१६ च्या घरातला ११४-११५ वरचा. तुमचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कंपनीचेच राहणार आहेत, ते बाहेरचा रस्ता अडवतात, म्हणून एक्झॉस्टची ड्युरेशन इनटेकपेक्षा थोडी जास्त असलेलीच घ्या. झेड०६ च्या कॅममध्ये ती १४ अंशांनी जास्त आहे.

पण अपेक्षा नीट ठेवा. २००२ ला साधी सी५ ३५० एचपी आणि झेड०६ ४०५ एचपी, हे ५५ एकट्या कॅमचे नाहीत, झेड०६ ला हेडही वेगळे होते आणि कॉम्प्रेशन १०.१ च्या जागी १०.५. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, २००१ पासून साध्या एलएस१ लाही झेड०६ चाच इनटेक मॅनिफोल्ड यायला लागला, म्हणजे तो तुमच्याकडे आधीपासून आहे.

ह्यूस्टनवाला_व्ही८:
ताई, हिशोब पटला, पाचव्या गिअरचंही पटलं. तरी एक बोलतोच. झेड०६ चा कॅम टाकला तर आवाजात काहीच फरक पडणार नाही, एवढं सगळं उघडून गाडी होती तशीच ऐकू येणार. त्याने लिहिलंय की थोडा डुलता आवडेल. मग तो २१६ वालाच बरा ना?

डेट्रॉइटची_कॅलिब्रेटर:
हो, आवाजाचं तुमचं बरोबर आहे. झेड०६ चा कॅम आयडलला कंपनीसारखाच वाटतो, त्यांनी तो पूर्ण वॉरंटी आणि एमिशन सांभाळून केलेला आहे. थोडासा ठेका हवा असेल तर २१६/२२० वर ११४, त्यापुढे नको.

फ्रीमाँटचा_गॅरेजवाला:
इन्स्पेक्शनबद्दल लिहितो कारण आमच्याकडे कॅलिफोर्नियात याचाच सगळ्यात मोठा घोळ असतो. इथे कार्बचा (राज्याचं हवा-प्रदूषण मंडळ) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे मंजुरीचा नंबर नसलेला कॅम रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही, आणि जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये गाडीचं सॉफ्टवेअर बदललंय का तेही तपासतात, म्हणजे कॅम बाहेरून दिसत नाही तर काय होतंय असं म्हणून सुटका नाही. न्यू जर्सीत तुमच्या वर्षाच्या गाडीला ओबीडीला (गाडीतल्या दोष ओळखणाऱ्या संगणकाला) प्लग लावून तपासतात, नियम वेगळे आहेत, पण एमिशनच्या यंत्रणेशी छेडछाड करू नये हा फेडरल कायदा देशभर सारखाच. म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका आणि शक्यतो ऑर्डर नंबर असलेलाच कॅम शोधा, निवड कमी होते पण डोक्याला ताप नाही.

दुसरं, बरेच ट्यूनर इंजिन लाइट येऊ नये म्हणून मॉनिटरच (त्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या) बंद करून देतात. तसं अजिबात करू देऊ नका. २००१ आणि पुढच्या गाड्यांना एखादाच मॉनिटर अपूर्ण असलेला चालतो, जास्त असले की परत पाठवतात. मोठ्या कॅमला आयडलच्या अडखळण्यामुळे पी०३०० मिसफायरचा कोड येतो, आणि सौम्य कॅम घ्यायचं हेही एक मोठं कारण आहे की तिथे खोटं काही न करता मॉनिटर पूर्ण होतात.

पारसिप्पनीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तो उणे-अधिकचा हिशोब, त्याने एका झटक्यात अर्धे पर्याय बाद झाले. आता माझं झेड०६ आणि २१६/२२० या दोनातच चाललंय. अजून दोन प्रश्न. व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलायलाच लागतात का, सौम्य कॅम आहे तर जुन्या चालतील असं एका गॅरेजवाल्याने सांगितलं. आणि टॅपेट (कॅमवर टेकून पुशरॉड ढकलणारे भाग) पण बदलायचे का, गाडी बरीच चाललेली आहे.

तेलकट_हात_शार्लट:
स्प्रिंग बदलायच्याच, सोळाच्या सोळा, यात तडजोड नाही. साध्या एलएस१ च्या जुन्या स्प्रिंग ०.५०० इंचाच्या पलीकडे धरवत नाहीत आणि झेड०६ च्या कॅमची लिफ्ट ०.५५१ आहे, सौम्य म्हणता म्हणता लिफ्ट चांगलीच वाढते. वर वीस वर्षं दाबून दाबून त्या थकलेल्या. स्प्रिंग तुटली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि मग इंजिनच गेलं. झेड०६ चा कॅम असेल तर जीएमच्या निळ्या एलएस६ (झेड०६ च्या इंजिनाच्या) स्प्रिंग त्याच मापाच्या आहेत, २१६ वाला घेतलात तर ०.६०० पर्यंतच्या बीहाइव्ह (वर निमुळत्या) स्प्रिंग घ्या. हेड न काढता होतं हे काम, सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचे, व्हॉल्व्ह सीलही त्याच हाताने नवीन टाकायचे. पुशरॉड (टॅपेटचा जोर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या सळया) ७.४०० इंचाचे हार्डन केलेले घ्या, महाग नाहीत.

टॅपेटचं असं आहे की ते बदलायचे तर हेड काढायला लागतात, म्हणजे काम दुप्पट. आत्ता कसला टकटक आवाज नसेल आणि तेल वेळेवर बदललेलं असेल तर राहू द्या. कॅम ओढायच्या आधी पुशरॉड काढून कॅम हाताने फिरवला की टॅपेट वर जाऊन ट्रेमध्ये अडकून बसतात, तरी भरवसा ठेवू नका, पुढून दोन बाजूंनी ५/१६ च्या लांब सळया आत सरकवून त्यांना आधार द्या. एक जरी खाली पडला तर तेलाचं पॅन उतरवायची वेळ येते आणि सी५ मध्ये ते फार जिवावर येतं.

सी५ मध्ये बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकावरची पुली) निघायला स्टिअरिंग रॅक बाजूला घ्यावा लागतो, गॅरेजवाल्याने एस्टिमेटमध्ये ते धरलंय का विचारा. बॅलन्सरचा बोल्ट एकदाच वापरायचा असतो. जुन्या बोल्टने २४० फूट-पाउंडाला बॅलन्सर बसवून घ्यायचा, मग तो फेकून नवा लावायचा, ३७ फूट-पाउंड आणि वर १४० अंश. तुमचा सील आधीच गळतोय म्हणून हे मुद्दाम सांगतो. टायमिंग चेन पण याच वेळी नवीन टाका. ऑइल पंप बदलणार असाल तर पिकअप ट्यूबची ओ-रिंग बरोबर मापाची आणि न चिमटता बसली पाहिजे, ती चुकली तर ऑइल प्रेशर येत नाही.

हो, आणि एलएस१ च्या पिस्टनला व्हॉल्व्हसाठी खाचा नसतात. तुम्ही म्हणताय त्या मापाला आणि न घासलेल्या हेडला सहसा अडत नाही, पण नवा कॅम बसला की क्लिअरन्स मोजून घ्यायला सांगा.

पारसिप्पनीकर:
हे सगळं प्रिंट काढून गॅरेजला नेतो. ०.५५१ चा आकडा बघून स्प्रिंगचा प्रश्न मिटलाच. घरी बोललो, रोज दोघं चालवणार म्हणून झेड०६ चाच कॅम घेतोय, आवाजाची हौस मफलरवर भागवेन. ट्यूनिंगला इथे जवळ एक डायनोवाला (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणारा) आहे, दुपारभरात करून देतो म्हणतो. चालेल ना?

डेट्रॉइटची_कॅलिब्रेटर:
चांगली निवड केलीत. डायनोवर पूर्ण थ्रॉटलचं इंधन आणि इग्निशन बसवून होतं, ते दुपारभरात नक्की होतं. पण रोजच्या गाडीचं अर्धं ट्यूनिंग सकाळच्या पहिल्या स्टार्टला असतं, इंजिन थंडगार असताना आयडलला किती हवा द्यायची, एसी लावला की आरपीएम किती पडतो, क्लच सोडताना गाडी कशी उचलते, आणि गरम इंजिनावर हे बघताच येत नाही. त्याला विचारा की गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी स्टार्ट करून बघणार का, आणि नंतर तुमच्याबरोबर रस्त्यावर सहाव्या गिअरला १५०० वर चालवून लॉग घेणार का. नाही म्हणाला तर दुसरा शोधा, थोडं लांब जावं लागलं तरी.