गच्चीवर सोलर: २ किलोवॅट की ३? आणि टाकीच्या सावलीचं काय?

प्रश्न: पुण्यात स्वतंत्र घर, महिन्याला साधारण २४० युनिट. गच्चीच्या दक्षिणेला ५ फुटी पाण्याची टाकी आहे. किती क्षमता घ्यावी? लाइट गेल्यावर चालेल का?

उत्तर १: १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, पावसाळ्यात बरंच कमी. २ किलोवॅट पुरेल. एसी किंवा ई-स्कूटर घ्यायची असेल तर ३. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६० हजार, ३ ला ७८ हजार अनुदान. मात्र पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी सेलचेच हवेत. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या.

उत्तर २: लाइट गेली की ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला, सोलर इन्व्हर्टर बंदच होतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून. बॅकअप हवा तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर, खर्च बराच वाढतो.

उत्तर ३: खरी गोची टाकीची. डिसेंबरात दुपारी सावली जवळपास टाकीच्या उंचीइतकी, सकाळी नऊला दुपटीहून लांब पडते. पॅनेल सिरीजमध्ये, एकामागे एक जोडलेले असल्याने एकावरची सावली अख्ख्या स्ट्रिंगचं, म्हणजे त्या माळेचं, उत्पादन खाली खेचू शकते. पॅनेलचं स्ट्रक्चर (स्टँड) उंच करा किंवा टाकी उत्तरेला हलवा.

उत्तर २: पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे लावा. वेगवेगळे जोडले तर संपर्क सैल राहून तापतात, वितळतात. आणि बोअरच्या जड पाण्याने पॅनेल धुवू नका. काचेवर क्षार बसले की निघता निघत नाहीत.