सल्ला हवा : भूकंपमापन केंद्रांच्या स्टेशनएक्सएमएल फाइली डेटाबेसच्या टेबलांत कशा उतरवाव्यात?

वारणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या विभागात भूकंपमापन केंद्रांची माहिती दोन प्रकारच्या फाइलींत आहे : जुन्या केंद्रांची डेटालेस सीड या जुन्या बायनरी प्रकारात आणि नव्यांची स्टेशनएक्सएमएल या एक्सएमएल प्रकारात. ती सगळी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, सीएसएस ३.० या भूकंपनोंदींसाठीच्या टेबल-रचनेतल्या साइट, साइटचॅन, सेन्सर आणि इन्स्ट्रुमेंट या टेबलांत आणायची आहे, कारण भूकंपाचे उगमस्थान काढणारा आमचा प्रोग्राम हीच टेबले वाचतो. पायथन येते, विकतचे सॉफ्टवेअर घेण्याची सोय नाही. सध्याची स्क्रिप्ट फाइलीतल्या चॅनलच्या (सेन्सरच्या एका दिशेच्या नोंदीच्या) प्रत्येक कालखंडासाठी प्रत्येक टेबलात एक ओळ घालते आणि साइटचॅनपाशी प्रायमरी कीच्या (ओळ एकमेव ठरवणाऱ्या कॉलमांच्या) त्रुटीने अडते. तयार साधन कोणते वापरावे आणि स्वतः लिहायचे झाल्यास काय सांभाळावे?

खडकवाचक

वाचनासाठी ऑब्स्पाय ही पायथनची भूकंपशास्त्रीय लायब्ररी पुरेशी आहे. ती दोन्ही प्रकार वाचून एकाच स्वरूपाची इन्व्हेंटरी (केंद्रांची यादी) देते, त्यामुळे आधी सगळे एक्सएमएल करून घेण्याची गरज नाही. टेबलांच्या बाजूला पायसीज ही मुक्त लायब्ररी पाहा. तिच्यात सीएसएस ३.० ची टेबले एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या डेटाबेस-लायब्ररीच्या क्लासच्या रूपात तयार मिळतात, म्हणजे कॉलमांची नावे आणि लांबी हाताने लिहावी लागत नाही. मधला पूल मात्र तुम्हालाच बांधावा लागेल.

अक्षांश_रेखांश

वारणाकाठ, तुमची त्रुटी साधनाची नसून रचनेची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्टेशनएक्सएमएलमध्ये काहीही बदलले, मग तो सेन्सर असो, डिजिटायझर असो वा नमुना-दर, की चॅनलचा नवा कालखंड सुरू होतो. सीएसएसमध्ये मात्र प्रत्येक टेबलाचा कालखंड वेगळ्या कारणाने बदलतो : साइटमध्ये नवी ओळ फक्त केंद्राची जागा बदलली तरच यावी, साइटचॅनमध्ये सेन्सरची खोली किंवा दिशा बदलली तरच, आणि उपकरण बदलल्याची नोंद सेन्सर टेबलात व्हावी. साइटचॅनची प्रायमरी की स्टेशन, चॅनल आणि ऑनडेट (सुरुवातीची तारीख) अशी आहे व ऑनडेट ही वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस एवढाच पूर्णांक आहे. त्यामुळे दुपारी डिजिटायझर बदलून त्याच दिवशी संध्याकाळी एखादी सुधारणा केली की एकाच दिवसाच्या दोन ओळी तयार होतात आणि की आदळते. सेन्सर टेबलातली वेळ सेकंदांत असल्याने तिथे ही अडचण येत नाही. तेव्हा आधी कालखंड वेळेनुसार लावा, लगतच्या ज्या कालखंडांत त्या टेबलाचे कॉलम सारखेच आहेत ते एकत्र करा आणि मगच ओळ घाला. हे प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्रपणे करायचे आहे.

की आदळण्याचे दुसरे कारण लोकेशन कोड, म्हणजे एकाच केंद्रावरचे सेन्सर वेगळे ओळखण्याचा कोड. सीएसएस ३.० मध्ये त्याचा कॉलमच नाही, त्यामुळे एकाच केंद्रावर ०० आणि १० असे दोन सेन्सर असतील तर दोघांचे बीएचझेड (उभ्या दिशेचे चॅनल) एकाच नावाने येतात. चॅनलच्या कॉलमात आठ अक्षरे मावतात, म्हणून बीएचझेड_०० असे जोडनाव देण्याची पद्धत रुळलेली आहे. मूळ कोड एका वेगळ्या टेबलात जपून ठेवा. नेटवर्क कोडचा (केंद्र ज्या जाळ्यात येते त्याच्या कोडचा) संबंध अॅफिलिएशन टेबलातून जोडता येतो.

एककेही तपासा. स्टेशनएक्सएमएलमध्ये उंची व खोली मीटरमध्ये असते, सीएसएसमध्ये किलोमीटरमध्ये. केंद्राची उंची स्टेशनच्या नोंदीतून घ्या, चॅनलच्या नव्हे, कारण चॅनलची उंची ही सेन्सरची असते आणि तिच्यासोबत खोलीही भरली तर खोली दोनदा वजा होते. पृष्ठभागावरच्या केंद्रांना याने फारसा फरक पडत नाही, पण कोयना-वारणा भागात एनजीआरआय या हैदराबादच्या भूभौतिक संशोधन संस्थेने बसवलेल्या, किलोमीटरहून खोल बोअरहोलांतल्या सेन्सरांसाठी ही चूक चालणारी नाही. दिशेचेही तसेच आहे : सीडमध्ये वर पाहणाऱ्या उभ्या चॅनलचा डिप (आडव्या पातळीपासूनचा कोन) उणे ९० असतो, तर सीएसएसमध्ये त्याचा व्हँग (उभ्या रेषेपासूनचा कोन) ० आणि आडव्या चॅनलचा ९०, म्हणून डिपमध्ये ९० मिळवा. उत्तर १८० आले तर तो चॅनल उलट्या ध्रुवतेचा आहे; ते हाताने "दुरुस्त" करू नका.

युटीसीवाला

तारखांबद्दल दोन शब्द. पोस्टग्रेसचे सेशन भारतीय वेळेवर असताना टाइमस्टँपवरून तारीख काढली तर ती साडेपाच तास पुढची निघते. १९६७ चा कोयनेचा भूकंप आपण ११ डिसेंबरच्या पहाटेचा म्हणून ओळखतो, पण युटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे तो १० डिसेंबरचा, २२:५१ चा आहे. म्हणजे योग्य ज्युलियन तारीख १९६७३४४, १९६७३४५ नव्हे. सेशनचा टाइमझोन स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत युटीसी करून टाका.

चालू केंद्रांची अखेरची तारीख कुठे रिकामी असते, तर कुठे २५९९-१२-३१ अशी. ऑफडेटमध्ये दोन्हींसाठी उणे १ आणि सेन्सरच्या एंडटाइममध्ये ९९९९९९९९९९.९९९ घाला. मध्ये पांडाज ही पायथनची तक्त्यांची लायब्ररी वापरत असाल तर तिचा नॅनोसेकंदाचा टाइमस्टँप २२६२ सालापुढे जात नाही, हे ध्यानात असू द्या. त्याच पांडाजला मजकुराच्या फाइलीतला लोकेशन ०० हा आकडा ० वाटतो आणि एनए हा कॅरिबियन बेटांवरच्या नेटवर्कचा खरा कोड रिकामी जागा वाटतो. सगळे कॉलम मजकूर म्हणून वाचा आणि रिकाम्या मूल्यांचा आपोआप अर्थ लावणे बंद करा. हैदराबादचे एचवायबी केंद्र ज्या जिओस्कोप नेटवर्कमध्ये येते त्याचा कोड जी एवढाच आहे; जुन्या सीड फाइलीत त्यापुढे एक मोकळी जागा येते, ती छाटा.

वारणाकाठ

मनापासून आभार. कालखंड एकत्र केल्यावर साइटचॅनची त्रुटी गेली. आता इन्स्ट्रुमेंटमधल्या एनकॅलिब या अंशांकनाच्या कॉलमाविषयी विचारतो : स्टेशनएक्सएमएलमधली एकूण संवेदनशीलता उलटी करून भरली तर चालेल का?

अक्षांश_रेखांश

नुसती उलटी करून चालणार नाही. ती संवेदनशीलता बहुधा मीटर प्रतिसेकंद या वेगामागे किती काउंट (डिजिटायझरचे आकडे) अशी असते, तर मूळ सीएसएसप्रमाणे एनकॅलिब म्हणजे एका काउंटमागे किती नॅनोमीटर विस्थापन. समजा सेन्सर मीटर प्रतिसेकंद वेगामागे १५०० व्होल्ट देणारा आणि डिजिटायझर व्होल्टमागे ४१९४३०.४ काउंट देणारा आहे. गुणाकार सुमारे ६२.९ कोटी येतो. १०० कोटींना त्याने भागले की काउंटमागे १.५९ नॅनोमीटर प्रतिसेकंद मिळतात, आणि १ हर्ट्झला आणखी दोन पायने भागले की ०.२५३ नॅनोमीटर. तुमचा प्रोग्राम वेगाचे मूल्य मागतो की विस्थापनाचे हे त्याच्या मॅन्युअलमध्ये आधी पाहा, कारण दोन्ही पद्धती प्रचारात आहेत आणि चुकीची निवड झाली तर परिमाणाचे आकडे बिघडतात, स्थान मात्र बरोबर येत राहते, त्यामुळे शंका यायला वेळ लागतो. संवेदनशीलता ज्या वारंवारतेला दिली आहे तिचा व्यस्त एनकॅलपर या आवर्तकाळाच्या कॉलमात भरा.

खडकवाचक

पोल आणि झिरो (उपकरणाचा वारंवारतेनुसारचा प्रतिसाद सांगणारे आकडे) कॉलमांत पसरवून ठेवू नका. इन्स्ट्रुमेंट टेबलात प्रतिसादाच्या फाइलीची डिरेक्टरी आणि नाव यांचे कॉलम आहेत. प्रत्येक वेगळ्या प्रतिसादासाठी एक फाइल लिहा आणि सारख्या उपकरणांना तीच ओळ जोडा. मूळ एक्सएमएल आणि सीड फाइली मात्र चेकसमसह (फाइल बदललेली नाही हे तपासण्याच्या आकड्यासह) तशाच जपा, म्हणजे टेबले केव्हाही पुन्हा शून्यापासून भरता येतील.