दुनहुआंगच्या लेण्यांना अर्धा दिवस पुरते का? आईला घेऊन जाऊन राहिलो

विहारवाला_नागपूर
जय भीम सगळ्यांना. आमच्या विहारातले काही जण मिळून चीनची बौद्ध वारसा टूर करून राहिलो, सोबत माझी आई पण आहे. बीजिंग, शिआन, मग गोबीच्या वाळवंटातलं दुनहुआंग आणि शेवटी तुर्फान. एजंटच्या कागदावर दुनहुआंगच्या मोगाओ लेण्यांना फक्त अर्धा दिवस आहे आणि त्याच दिवशी संध्याकाळी उंटाची सवारी, मला हे पटून नाही राहिलं. बीजिंगमधे खरेदीला मात्र पूर्ण दिवस! आई ६८ची आहे, गुडघ्याचा त्रास आहे पण दरवर्षी दीक्षाभूमीला रांगेत उभी राहते, तिचं म्हणणं एवढं दूर जाऊन बुद्धासमोर त्रिशरण पंचशील म्हणायला मिळालं पाहिजे. तर कोणी गेलं असेल तर सांगा, लेण्यात वंदना घेऊ देतात का, चढाव किती आहे, ऑक्टोबरमधे ऊन कसं असते, आणि जायच्या आधी काय पाहून-वाचून जावं?

बजाजनगरची_ताई
जय भीम दादा. मी गेली आहे. आधी तिकिटाचं बघा, बाकी सगळं नंतर. मोगाओला रोजच्या तिकिटांना मर्यादा आहे, पासपोर्टच्या नावावर आधी बुक करावं लागते आणि सीझनमधे पूर्ण तिकीट लवकर संपते. पूर्ण तिकिटात आधी शहराजवळच्या डिजिटल सेंटरमधे दोन फिल्म दाखवतात, मग तिथल्याच बसनं लेण्यांपर्यंत नेतात आणि गाईडसोबत आठ लेणी. ते संपलं की दुसरं कमी दर्जाचं तिकीट मिळते त्यात फिल्म नाही आणि लेणी चारच. एजंटला लेखी विचारा कोणतं तिकीट काढलं म्हणून, आमच्या एजंटनं हे शेवटपर्यंत सांगितलंच नव्हतं.

लेणी जवळपास साडेसातशे आहेत, त्यातल्या ४९२ मधे चित्रं आणि मूर्ती. कोणती उघडायची ते गाईड ठरवते, आपण नाही. आत दिवे नाहीत, गाईडच्या हातातल्या टॉर्चचा गोल जिथे पडेल तेवढंच दिसते, निळ्या-हिरव्या रंगाचा एक तुकडा उजळतो आणि टॉर्च सरकली की पुन्हा अंधार. फोटो अजिबात नाही, बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. आणि वंदनेचं सांगते, मोठ्यानं नाही घेता येत. ती जागा संशोधन संस्थेच्या ताब्यात आहे, आतला ओलावा आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजत राहतात, पाऊस किंवा वाळूचं वादळ आलं तर लेणी बंदच करतात. हात जोडून मनात म्हणायला कोणी अडवत नाही, आईंना हे आधीच सांगून ठेवा. मिंगशाच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना लेइयिन मंदिर लागते, ते चालू मंदिर आहे, आमच्या ग्रुपनं वंदना तिथे घेतली. आईंसाठी वेळ ठेवायचा तर तिथे ठेवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर कड्याला जिने आणि कठडे आहेत, पण वरच्या मजल्यांवर चढावं लागू शकते. गाईडला सुरुवातीलाच सांगा.

माजी_इतिहास_शिक्षक
विहारवाला भाऊ, आधी अजिंठा पाहून जा. पाहिलं असेल तरी पुन्हा जा. हे मी मनापासून सांगून राहिलो कारण मोगाओचं वेगळेपण अजिंठा डोळ्यासमोर असल्याशिवाय कळत नाही.

अजिंठ्याचा दगड बसाल्ट आहे, म्हणून आपल्या कारागिरांनी मूर्ती डोंगरातूनच कोरून काढल्या. मोगाओचा कडा म्हणजे वाळूत गोटे घट्ट बसलेले, त्यात बारीक कोरीव काम होतच नाही, छिन्नी मारली की गोटा निखळते. मग तिथल्या लोकांनी काय केलं, लाकडाचा सांगाडा उभा केला, त्यावर गवत बांधलं, वरून चिकणमाती लिंपून मूर्ती घडवली आणि रंगवली. भिंतीवर पण माती-गवताचा गिलावा आणि त्यावर चित्रं. एवढी नाजूक माती हजार-दीड हजार वर्षं टिकली ती कोरड्या हवेमुळे. ९६ नंबरच्या लेण्यातली बसलेली मैत्रेय मूर्ती ३५.५ मीटर उंच आहे, आतला गाभा कड्याचा आणि वरचा थर मातीचा. १४८ मधे महापरिनिर्वाणाची मूर्ती साधारण १४ मीटरची, अजिंठ्याच्या २६ नंबरमधली सातेक मीटर आहे, तोच प्रसंग दोन्हीकडे.

आणि विदर्भाच्या माणसानं एक ध्यानात ठेवावं. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं, आणि ही वाकाटकांची शाखा वत्सगुल्मची, म्हणजे आपलं वाशिम! दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनची, आजचं नगरधन. तिकडे मोगाओला इ.स. ३६६ मधे लेझुन नावाच्या भिक्खूनं पहिलं लेणं खोदलं असं सांगतात, आणि पाचव्या शतकाच्या शेवटी अजिंठ्यात काम जोरात होतं तेव्हा तिथे पण खोदकाम चालूच होतं.

सीताबर्डी_एक्सप्रेस
सरांनी मोगाओचं १७ नंबर कसं काय सोडलं? १९०० मधे वांग युआनलू नावाच्या ताओ साधूला १६ नंबरच्या लेण्यात भिंतीमागे बंद खोली सापडली, पोथ्यांनी ठासून भरलेली, तीच ही १७ नंबर. १९०७ मधे ब्रिटिशांचा संशोधक ऑरेल स्टाईन आला आणि थोडक्या पैशात पेट्याच्या पेट्या घेऊन गेला, पुढच्या वर्षी फ्रान्सचा पेलिओ. त्यातच वज्रच्छेदिका सूत्राची ८६८ मधली छापील गुंडाळी होती, तारीख छापलेलं जगातलं सर्वात जुनं पूर्ण पुस्तक, आज लंडनला ब्रिटिश लायब्ररीत. राग येते वाचून.

माजी_इतिहास_शिक्षक
राग बरोबर आहे. पण त्या गुंडाळीतला चिनी अनुवाद कुमारजीवाचा, त्याचे वडील भारतातले आणि आई मध्य आशियातल्या कुचा राज्याची राजकन्या. दुनहुआंगमधे पांढऱ्या घोड्याचा स्तूप आहे, तो त्याच्या मेलेल्या घोड्यासाठी बांधला अशी तिथली आख्यायिका, छोटा आहे पण आवर्जून जा. आणि स्टाईनच्या संग्रहाचा एक हिस्सा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्यात दुनहुआंगची रेशमी चित्रं पण आहेत. तुमचं विमान दिल्लीहून असेल तर गॅलरी उघडी आहे का विचारून एक दिवस आधी पोहोचा, आईंना तिथे टॉर्चच्या घाईशिवाय शांतपणे पाहता येईल.

विहारवाला_नागपूर
सर, ताई, खूप खूप धन्यवाद. आईला वाशिमचं सांगितलं तर ती म्हणे आधी अजिंठाच चल. तुर्फानचं कोणी सांगेल का?

बजाजनगरची_ताई
तुर्फान उन्हाळ्यात आपल्या मे महिन्यासारखं तापते, ऑक्टोबरमधे बरं असते पण जिआओहे या जुन्या शहराच्या अवशेषांत सावली नाही. ते अख्खं शहर दोन नद्यांमधल्या पठारावर, जमीन खाली खोदून काढलेलं, दीड किलोमीटरच्या वर लांब. आईंना अर्ध्यातून परत फिरवा. गाओचांग या दुसऱ्या जुन्या शहराचे अवशेष मात्र सोडू नका, तिथला राजा ह्युएन त्संगला जाऊच देत नव्हता, शेवटी त्यानं अन्नपाणी सोडलं तेव्हा राजा नरमला. बेझेक्लिकच्या लेण्यात भिंतीवर कापून नेल्याच्या रेघा दिसतात, जर्मन ले कॉकनं चित्रं बर्लिनला नेली आणि त्यातली मोठी दुसऱ्या महायुद्धाच्या बॉम्बहल्ल्यात गेली. तिथे उभं राहून मला फार वाईट वाटलं.

बाकी, १ ते ७ ऑक्टोबर चीनमधे राष्ट्रीय सुट्टी असते, त्या आठवड्यात दुनहुआंग टाळाच, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपल्याला इथेच राहायचं असते त्यामुळे तारखा त्यानंतरच्या धरा. सूर्य उशिरा मावळते, घड्याळ सगळीकडे बीजिंगचंच. पॉवर बँकवर तिथला ३सी (चीनचा सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का नसेल तर देशांतर्गत विमानात घेऊन जाऊ देत नाहीत. उंटाची सवारी दुसऱ्या दिवशी ढकला आणि मोगाओचा दिवस मोकळा ठेवा, बीजिंगची खरेदी कापायला एजंटला सांगा, ऐकते तो.