मदत हवी आहे: मेंदूतली गाठ, 'आयडीएच म्युटंट' आणि एन्झाइम रोखणारी गोळी

नमस्कार मंडळी. दादा, वय ३८, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतो. दिवाळीनंतर शिफ्ट चालू असतानाच त्याला फिट आली. एमआरआयमध्ये गाठ दिसली, मुंबईत ऑपरेशन झालं. गाठ बरीचशी निघाली, पण डावा हात चालवणारा भाग अगदी लगत असल्याने थोडी मुद्दाम ठेवली. रिपोर्ट: अ‍ॅस्ट्रोसायटोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), ग्रेड २ (सावकाश वाढणारी), आयडीएच म्युटंट.

डॉक्टर म्हणतात, रेडिएशनची घाई नाही. एमआरआय करत थांबू, किंवा व्होरासिडेनिब नावाच्या गोळीचा विचार करा. ओपीडीत एवढंच बोलणं झालं. बाकीचं मी घरी वाचलं.

आयडीएच हे प्रत्येक पेशीत असणारं, अन्नापासून ऊर्जा काढण्याच्या साखळीतलं एन्झाइम. दादासारख्या बहुतेक पेशंटमध्ये त्यातलं १३२ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने ते २-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचा भलताच पदार्थ बनवू लागतं. तो साठला की डीएनएवरच्या खुणा पुसल्या जात नाहीत, पेशी अर्धवट वयातच अडकते आणि वाढत राहते. गोळी हे बिघडलेलं एन्झाइम रोखते. म्हणजे पेशी मारत नाही, वाढ मंदावते. बरोबर ना?

२०२३ मध्ये आलेल्या या गोळीच्या चाचणीत ३३१ पेशंट होते. गोळीवाल्यांमध्ये आजार पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ २७.७ महिने, औषध नसलेली दिखाऊ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांमध्ये ११.१. फरक मोठा आहे, पण आयुष्य किती वाढतं हे त्यातून ठरलेलं नाही. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी मिळाली.

इकडे घरात वेगळंच चाललंय. दिंडोरीच्या काकांनी 'कॅन्सर साखरेवर जगतो' असं ठासून सांगितल्यापासून दादाचा चहा बिनसाखरेचा, भात बंद, आणि काकांच्याच बागेतली द्राक्षं क्रेटमध्ये सुकताहेत. काका अगदीच हवेत बोलत नाहीत. वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवलं होतं की गाठीच्या पेशी साखर भराभर ओढतात, कॅन्सर शोधणारा पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण ताटातली साखर काढली तरी लिव्हर रक्तात साखर सोडतच राहतं, आणि आयडीएचचा बिघाड तर साखर सोडून जाणारच नाही. वजन मात्र दादाचं उतरतंय. वर काकांनी डायक्लोरोअ‍ॅसिटेटच्या पावडरीची लिंक पाठवली आहे. तीही एक एन्झाइमच रोखते म्हणे. ती मी घरात येऊ देणार नाही.

विचारायचं आहे ते असं: गोळी घेत रेडिएशन लांबवलेलं कुणी आहे का? आणि इथे मिळत नसेल तर मागवायची कशी? वहिनी दागिन्यांचं बोलायला लागली आहे.

प्रतिसाद १
समजलंय ते बरोबर आहे. ती चाचणी फक्त ऑपरेशन झालेल्या, रेडिएशन-केमो न घेतलेल्या लोकांवरच होती, म्हणजे दादांसारख्याच; फक्त त्यांच्या ऑपरेशनला एक ते पाच वर्षं झालेली होती. तरी डॉक्टरांना विचारा, गाठीतलं सीडीकेएन२ए हे जनुक तपासलं आहे का? त्याच्या दोन्ही प्रती गेलेल्या असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसो, ग्रेड ४ (सगळ्यात आक्रमक) धरतात आणि मग थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. दागिने त्याआधी हलवू नका.
परदेशातून स्वतःपुरतं औषध मागवायला सीडीएससीओकडे (केंद्र सरकारची औषध नियंत्रण संस्था) फॉर्म १२ए भरतात, परवाना १२बीमध्ये मिळतो. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतंच.

प्रतिसाद २
फिटची कुठली गोळी चालू आहे? फेनिटॉइन असेल तर व्होरासिडेनिबचं रक्तातलं प्रमाण घटतं. सिगारेट-बिडीनेही तेच होतं. सुरुवातीचे दोन महिने दर पंधरा दिवसांनी लिव्हरच्या तपासण्या, मग दोन वर्षं दरमहा. एवढ्यासाठी मुंबईला खेपा नकोत, रक्त नाशिकलाच द्या.
भात सुरू करा. द्राक्षंही.

धागाकर्ती
दोघांचे आभार. सीडीकेएन२ए रिपोर्टमध्ये कुठेच नाही. गाठीचा मेणात जपलेला नमुना (ब्लॉक) मुंबईच्या लॅबमध्येच आहे, सोमवारी फोन करून ती तपासणी सांगते. फिटची गोळी लेव्हेटिरासेटम आहे. सिगारेट मात्र आहे, आणि ते वहिनीला ठाऊक नाही. दादाशी आज रात्री बोलते.