शब्दचर्चा : ‘पृथ्वीसारखा ग्रह सापडला’

विचारणा

खगोलशास्त्राची नवी संशोधनं मराठीत मांडताना काही शब्दांपाशी हमखास अडायला होतं. एकाच लेखात परग्रह, बाह्यग्रह, बहिर्ग्रह असे तिन्ही शब्द दिसतात. ‘पृथ्वीसदृश’ आणि ‘वसतियोग्य’ खुशाल एकमेकांच्या जागी येतात. हल्ली परग्रहावरच्या सजीवांसाठी ‘परजीव’ही दिसू लागला आहे. कुठे कोणता शब्द वापरावा आणि का?

प्रतिसाद

‘परजीव’ आधी काढून टाका. मराठीत परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर पोसला जाणारा : जंत, गोचीड, बांडगूळ. ‘दूरच्या ग्रहावर परजीवांचा शोध’ वाचून जीवशास्त्राचा विद्यार्थी भलतंच काही समजेल. ‘परग्रहावरील जीवसृष्टी’ लांबलचक आहे, पण त्यात घोटाळा नाही. ‘परग्रहवासी’ कथांसाठी ठीक. संशोधनाच्या बातमीत तो आला की हातपाय असलेलं कुणीतरी डोळ्यांपुढे उभं राहतं, आणि प्रत्यक्षात शोध चाललेला असतो वातावरणातल्या वायूंचा.

परग्रह म्हणजे आपला सोडून कुठलाही ग्रह. त्यामुळे मंगळही परग्रहच. ‘बहिर्ग्रह’ शाळेच्या पुस्तकात गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना दिलेला आहे. म्हणून पहिल्या उल्लेखात ‘दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह’ असं सरळ लिहावं, आणि पुढे ‘बाह्यग्रह’ वापरावा. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा असा पहिला ग्रह, ५१ पेगासी बी, १९९५ साली मायोर आणि केलोझ यांनी जाहीर केला. आज नोंद झालेल्या ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे आहे, तेव्हा शब्द एकच ठरवून घेतलेला बरा.

जाता जाता : ‘दुसरी सौरमाला’ म्हणू नये. सौर म्हणजे सूर्याची. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याची सात ग्रहांची असते ती ग्रहमाला.

प्रतिसाद

‘पृथ्वीसदृश’बद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आधी विचारायचं : ग्रहाचं नेमकं काय मोजलं आहे?

ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. याला ‘अधिक्रमण’ म्हणावं. शुक्राच्या अधिक्रमणामुळे (२००४ आणि २०१२) हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे, ‘संक्रमण’ आणण्याची गरज नाही. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दुरून पाहणाऱ्याला सूर्याचा उजेड दहा लाखांत सुमारे ८४ भागांनी कमी दिसेल. या घटीवरून त्रिज्या मिळते. वस्तुमान मिळत नाही.

दुसरी रीत ताऱ्याच्या डुलण्याची. ग्रहाच्या ओढीने तारा आपल्याकडे येतो, दूर जातो आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा हा वेग सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर आहे. यातून वस्तुमान मिळतं, तेही ‘किमान वस्तुमान’, कारण कक्षेचा कल ठाऊक नसतो. त्रिज्या मिळत नाही.

आता दोन नावं शेजारी ठेवून पाहा. केप्लर-४५२ बी (२०१५) : त्रिज्या पृथ्वीच्या सुमारे १.६ पट, वर्ष ३८५ दिवसांचं, वस्तुमान मोजलेलं नाही. प्रॉक्झिमा सेंटॉरी बी (२०१६) : किमान वस्तुमान पृथ्वीहून थोडं जास्त, वर्ष ११.२ दिवसांचं, त्रिज्या मोजलेली नाही. दोघांनाही सर्रास ‘पृथ्वीसारखा’ म्हटलं गेलं, आणि दोन्ही वेळा तो शब्द वेगळ्याच गोष्टीबद्दल होता.

यात आपल्या ‘आकार’ या शब्दाने भर पडते. ‘पृथ्वीच्या आकाराचा’ म्हणजे गोल, की पृथ्वीएवढा? ‘आकारमान’ घ्यावं, तर शाळेच्या विज्ञानात घनता = वस्तुमान ÷ आकारमान असं शिकवतात, म्हणजे तो घनफळाचा शब्द झाला. त्रिज्या १.६ पट असली तर आकारमान १.६ × १.६ × १.६, म्हणजे सुमारे ४.१ पट होतं. नुसतं ‘१.६ पट मोठा’ लिहिलं तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ‘त्रिज्या १.६ पट’ असंच लिहा.

त्रिज्या आणि वस्तुमान दोन्ही कळले तरच घनतेबद्दल बोलता येतं. के२-१८ बी घ्या : वस्तुमान पृथ्वीच्या ८.६ पट, त्रिज्या २.६ पट. २.६ चा घन १७.६. ८.६ ला १७.६ ने भागलं की ०.४९. पृथ्वीची सरासरी घनता घन सेंटिमीटरला ५.५ ग्रॅम, म्हणून याची सुमारे २.७. नुसत्या खडक-लोखंडाच्या एवढ्या जड ग्रहाची घनता पृथ्वीहून जास्त भरायला हवी, इथे ती निम्मी आहे. अशा ग्रहाला ‘महापृथ्वी’, म्हणजे पृथ्वीचीच मोठी आवृत्ती, म्हटलं की चित्रच बिघडतं. ‘उपनेपच्यून’, म्हणजे नेपच्यूनहून लहान, जास्त प्रामाणिक आहे.

प्रतिसाद

वरच्याशी पूर्ण सहमत. त्याला जोडून ‘वसतियोग्य पट्टा’. वस्ती माणसांची असते, म्हणून वाचक लगेच घर बांधायला निघतो. मूळ व्याख्या एवढीच : ताऱ्यापासूनचं असं अंतर, जिथे योग्य वातावरण असलेल्या ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल. वातावरण आहे, पाणी आहे, असा दावा त्यात नाहीच. आपला चंद्रही याच पट्ट्यात आहे! ‘जीवनानुकूल’पेक्षाही मला ‘द्रवजल पट्टा’ पटतो, कारण तो व्याख्येपलीकडे काही कबूल करत नाही.

तापमानाबाबतही जपा. बातमीत येतं ते बहुधा ‘समतोल तापमान’, म्हणजे वातावरणाची ऊब न धरता काढलेलं. पृथ्वीचं ते उणे १८ अंश सेल्सिअस भरतं, प्रत्यक्ष सरासरी आहे अधिक १५. शुक्रावर तर हा आकडा काहीच सांगत नाही, तिथला पृष्ठभाग ४६० अंशांच्या पुढे तापलेला आहे. ‘समतोल’ हा शब्द गाळला की वाक्य खोटं होतं.

प्रतिसाद

हिंदीतून उचललेल्या शब्दांची चर्चाही इथेच व्हावी. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु. त्यामुळे ‘आणविक बादल’चं ‘आण्विक मेघ’ केलं की अर्थ उलटतो. तारे जन्मतात त्या मेघात हायड्रोजनचे रेणू असतात, म्हणून ‘रेणवीय मेघ’. तसंच द्रव्यमान नव्हे, वस्तुमान. घनत्व नव्हे, घनता. संलयन नव्हे, संमीलन. आणि हिंदीत कुठल्याही दीर्घिकेला आकाशगंगा म्हणतात, मराठीत आकाशगंगा एकच, आपली.

‘तेजोमेघ’ही सरसकट वापरू नये. रेणवीय मेघ थंड असतो, १० ते २० केल्व्हिन, आणि मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवतो. त्यात तेज कुठलं? जवळच्या तप्त ताऱ्यांमुळे वायू उजळला की तो तेजोमेघ.

प्रतिसाद

ताऱ्यांच्या जन्माचे आणखी चार शब्द.

‘मेघ कोसळतो’ : मराठीत याने पावसाची आठवण होते. ‘मेघाचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाने आत कोसळतो’ असं लिहा, ‘आत’ महत्त्वाचा.

‘दाट गाभा’ : इथे दाट म्हणजे घन सेंटिमीटरला दहा हजार ते दहा लाख रेणू. आपल्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे २.५ × १०¹⁹ असतात. ‘आजूबाजूच्या मेघापेक्षा दाट’ अशी तुलना वाक्यातच हवी.

‘हायड्रोजन जळतो’ : ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. इथे होतं ते संमीलन, आणि तेही केंद्राचं तापमान एक कोटी केल्व्हिनच्या आसपास गेल्यावर. त्याआधीही गोळा झळाळत असतो, पण आकुंचनाच्या उष्णतेने. तो ‘आदितारा’. दोन्हींना ‘तारा पेटला’ म्हटलं की टप्पेच पुसले जातात.

‘तबकडी’ : उडत्या तबकडीमुळे जीवसृष्टीच्या लेखात हा शब्द फसवा ठरतो. ‘चकती’ घ्या. जुलै २०२५ मध्ये सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरच्या हॉप्स-३१५ या आदिताऱ्याभोवतीच्या चकतीत तप्त खनिजं घनरूप होऊ लागल्याच्या खुणा जेम्स वेब आणि अल्मा दुर्बिणींनी टिपल्या. ‘ग्रह जन्मताना दिसला’ हे शीर्षक मात्र पुढे धावलं. दिसली ती पहिल्या घन कणांची सुरुवात, ग्रह नव्हे.

प्रतिसाद

क्रियापद राहिलंच. मराठीत ‘असू शकेल’, ‘असावा’, ‘आहे’ अशा खात्रीच्या पायऱ्या आयत्या मिळतात. शीर्षकात मात्र बहुतेकदा शेवटचीच निवडली जाते.

एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने के२-१८ बीच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्या जवळचा रेणू असल्याचे संकेत ३ सिग्मा पातळीवर (सिग्मा हे सांख्यिकी खात्रीचं माप) जाहीर केले. ‘जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के’ असा याचा अर्थ होत नाही. मोजणीतल्या नुसत्या गोंगाटातून एवढा ठसठशीत संकेत उमटण्याची शक्यता ०.३ टक्के, एवढंच ते सांगतं. शोध म्हणण्यासाठी प्रथेने ५ सिग्मा लागतात. त्यानंतर, तो रेणू खरंच तोच का, हा प्रश्न. त्याच्याही पुढे, तो सजीवांनीच बनवला का. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्री सूक्ष्मजीवांकडून येतो खरा, पण ६७पी या धूमकेतूवरही त्याचा माग लागला आहे, आणि तिथे कुणी जगत नाही.

म्हणून ‘जैवखूण’ (सजीव असल्याची खूण) या शब्दाआधी ‘संभाव्य’ लावा, आणि ‘सापडली’च्या जागी ‘आढळल्याचा दावा’. के२-१८ बीच्या बातमीच्या शीर्षकासाठी माझा मसुदा असा : ‘१२४ प्रकाशवर्षांवरच्या, पृथ्वीच्या २.६ पट त्रिज्येच्या ग्रहावर संभाव्य जैवखूण आढळल्याचा दावा’. दोन ओळी होतात. जागा कमी असेल तर अंतर गाळा, ‘संभाव्य’ नको.