मदत हवी आहे : मुलाचं एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलंय, वजनामुळेच असेल ना?

मुलगा ११ वर्षांचा, वजन ५८ किलो. एसजीपीटी ६४ आलंय, बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ (लिव्हरमध्ये थोडी चरबी). डॉक्टर म्हणाले, वजन आटोक्यात आणा, तीन महिन्यांनी परत तपासू. लॅबच्या कागदावर मर्यादा ४५ छापलीय. पण २०१७ च्या अमेरिकी बालरोग मार्गदर्शक सूचनांत मुलग्यांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ दिलीय. म्हणजे ६४ बरंच झालं की! हिपॅटायटिस बी, सी आणि विल्सन डिसीजच्या (शरीरात तांबं साठण्याचा आजार) तपासण्या आताच कराव्यात का? सरबतं, बिस्किटं बंद केलीत (आजी अजून गुपचूप देतेच). शेजारचे लिव्हर टॉनिक सुचवतात, मला पटत नाही. वजन उतरल्यावर कुणाच्या मुलाचं एसजीपीटी खाली आलं का? किती काळ लागला?