मॅकबेथ: चेटकिणींनी वाट लावली की मुळात मनातच होतं?

रातघुबड
शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, बिचारा मॅकबेथ चांगला सरदार होता हो, चेटकिणींनी वाट लावली त्याची. मला हे अजिबात पटत नाही. पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश नीट वाचा. चेटकिणी त्याला म्हणतात काय, तर ग्लाम्सचा सरदार, कॉडॉरचा सरदार आणि पुढे राजा. बास. ज्या डंकन राजाला तो पुढे मारतो त्याचं नाव नाही, खुनाचा ख नाही. त्यातली ग्लाम्सची सरदारकी त्याच्याकडे आधीपासून होती आणि कॉडॉरची डंकनने आदल्याच प्रवेशात देऊन टाकलीय, आपल्याला माहितीये फक्त त्याला निरोप पोचायचाय. म्हणजे भविष्य म्हणावं असं एकच वाक्य उरलं. त्यावरून खुनाचा विचार कोणाच्या डोक्यात येतो? त्याच्याच, तिथल्या तिथे उभ्या उभ्या, आणि स्वतःच टरकतो. वर म्हणतो की नशिबात राजा होणं असेल तर मी हातपाय न हलवता होईन. मग बसायचं होतंस ना गप्प! त्याचा सोबती सरदार बँक्वोही शेजारीच उभा होता, त्यालाही सांगितलं की तुझे वंशज राजे होतील, त्याने कुठे सुरा उपसला?

काळाचहा
म्हणजे चेटकिणींना क्लीन चिट? अहो नाटक सुरू होतं तेच त्या तिघींच्या प्लॅनिंगने, लढाई संपली की माळावर मॅकबेथला गाठायचं. रस्त्यात सहज भेट झाली असं नाहीये ते. आणि त्यांनी दाखवलेलं एकूण एक खरं होतं, बर्नमचं रान डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येईपर्यंत तू हरणार नाहीस म्हणाल्या तर ते रान खरंच चालून येतं, बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारणार नाही म्हणाल्या तर आईचं पोट फाडून काढलेला सरदार मॅकडफ समोर उभा राहतो. जिथे शेवटपर्यंतचं सगळं कोणालातरी आधीच दिसतंय तिथे या माणसाला निवड होती म्हणायचं कशाच्या जोरावर? नुकताच रक्तामांसाच्या चिखलातून लढून आलेला माणूस, त्याला कानात राजा म्हणायचं आणि गायब व्हायचं. ही चिथावणीच आहे.

रातघुबड
चिथावणी आहेच, नाही कोण म्हणतंय. पण त्यांची ताकद किती ते त्याच प्रवेशात येतं. एका खलाशाच्या बायकोने चेस्टनट दिले नाहीत म्हणून चेटकीण त्याच्यावर डूख धरते, आणि तरी स्वतःच म्हणते की त्याचं गलबत बुडवता नाही येणार, वादळात हेलकावे तेवढे देऊ. तेवढीच पोच.
आणि मला सांगा, भविष्य अटळ आहे असं मॅकबेथला खरंच वाटत होतं तर बँक्वो आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स यांच्यावर मारेकरी कशाला घातले? स्वतःचं राजेपद अटळ आणि बँक्वोच्या वंशाचं मात्र पुसून टाकता येणार. सोयीचं तेवढं खरं धरायचं. कंसाने हेच केलं, आकाशवाणी खरी मानली म्हणून तर देवकीची मुलं मारली, आणि मुलं मारून ती खोटी पाडायला निघाला.

जुनीवही
कंस इथे बसत नाही हो. कंसाला मरण सांगितलं होतं, तो जीव वाचवायला धडपडतो. मॅकबेथला लाभ सांगितलाय, त्याच्या मानेवर कोणाचीच तलवार नव्हती. ग्रीकांचा इडिपस घ्या, बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील हे ऐकून तो कॉरिंथला परतच जात नाही, जमेल तेवढं लांब पळतो आणि पळता पळता त्यातच सापडतो. त्याची कीव येते. मॅकबेथ भविष्याकडे धावत जातो, चौथ्या अंकात तर स्वतः चेटकिणींना शोधत जातो, त्यांना काय गरज नव्हती बोलवायची.

माजघर
लेडी मॅकबेथचं नाव कोणीच काढलं नाही अजून, कमाल आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी तो स्पष्ट म्हणतो की हे इथेच थांबवू. त्याच्याआधी एकट्यानेच हिशोब मांडलेला असतो, डंकन माझा नातेवाईक, माझा राजा, वर आज माझ्या घरी पाहुणा, पाहुण्याला मारेकऱ्यापासून वाचवायचं की मीच सुरा धरायचा, आणि राजा म्हणून माणूस चांगला, मारायला कारण काय तर फक्त महत्त्वाकांक्षा. इतकं स्वच्छ त्याला दिसत होतं. मग बायको येते, मर्दपणा काढते, आणि हा पाघळतो. मला वाटतं खरा धक्का तिथे आहे, माळावर नाही. पण म्हणून सगळं तिच्यावर ढकलू नका, कारण बँक्वोच्या खुनाचं तो तिला सांगतही नाही, तू अजाणच राहा म्हणतो. तेव्हा कोण होतं कानाशी?

खडूसकाका
तुमच्या चर्चेत जरा खडा टाकतो. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ स्कॉटलंडचा राजा होता, सतरा वर्षं, आणि खरा डंकन लढाईत मेला, पाहुणा म्हणून झोपेत नव्हे. शेक्सपिअरने गोष्ट घेतली होलिनशेडच्या बखरीतून, तिथे बँक्वो डंकनच्या खुनात चक्क सामील आहे. नाटकात तो सज्जन का झाला? कारण १६०३ ला इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स स्वतःला बँक्वोचा वंशज मानायचा. राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवून कोण जेवायला उठणार. तेव्हा बँक्वोचं उदाहरण देऊन नीतीचे धडे देऊ नका, त्याची कॅरेक्टर सर्टिफिकेट दरबारातून आलीय.

काळाचहा
काका 👏 आणि नाटकातलाही बँक्वो काही धुतल्या तांदळाचा नाही. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला स्वतःशी म्हणतो की तुला सगळं मिळालं आणि त्यासाठी तू वाईट खेळ खेळलास अशी मला शंका आहे. पुढचं वाक्य काय, तर चेटकिणी तुझ्याबाबत खऱ्या ठरल्या मग माझ्याबाबतही ठरतील की. आणि गप्प बसतो! संशय आहे, तोंड उघडत नाही, कारण पोराबाळांची गादी दिसतेय. म्हणजे त्या भविष्याने दोघांनाही नासवलं, एकाला जास्त, एकाला कमी. मग भविष्याचा काही दोष नाही कसं म्हणता?

रातघुबड
गप्प बसणं आणि झोपेतल्या म्हाताऱ्याला भोसकणं यात फरक आहे की नाही?? बँक्वोचा दोष मान्य, काकांचा इतिहासही मान्य, पण मी नाटकातल्या माणसाबद्दल बोलतोय. मॅकडफची बायको आणि पोरं घ्या. मॅकडफपासून सावध राहा एवढंच चेटकिणींकडे सांगितलं गेलं होतं, आणि तो तर इंग्लंडला पळालेला. घरातल्या बायकापोरांना मारून मॅकबेथचा कुठला धोका टळणार होता? कुठल्या भविष्यात होतं ते? हे निव्वळ त्याचं.
आणि शेवट बघा. मॅकडफचा जन्म कसा झाला ते कळतं, आपण मरणार हे पक्कं होतं, तेव्हा तो म्हणतो मी तुझ्याशी नाही लढणार. आणि मग ढाल पुढे करून लढतो. भविष्य विरोधात असताना माणूस वेगळं वागू शकतो हे त्यानेच दाखवलं, मग डंकनच्या दाराशी काय झालं होतं?

काळाचहा
ढाल का उचलतो तेही वाचा ना. मॅकडफ म्हणतो शरण ये, तुला जिवंत ठेवू आणि लोकांना तमाशा म्हणून दाखवू. डंकनचा मुलगा मॅल्कम, त्याच्या पायाशी माती चाटायची नाही म्हणून लढतो तो. याला तुम्ही निवड म्हणणार असाल तर म्हणा, मी नाही म्हणत.